गाणी नंतर, आधी घरोघरी

प्रश्न: पत्र लिहिणारी २६ वर्षांची तरुणी पुण्यातल्या एका मराठी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, शब्बाथशाळा (मुलांचा रविवारचा बायबलवर्ग) घेते. तिची मंडळी दर मे महिन्यात शहरातल्या एका वस्तीत मुलांसाठी दहा दिवसांचं शिबिर भरवते. सकाळी गाणी, बायबलमधली गोष्ट, खेळ, हस्तकला आणि निघताना खाऊ. येणारी निम्म्याहून जास्त मुलं ख्रिस्ती घरांतली नसतात. यंदा वीसेक स्वयंसेवकांना तयार करायची जबाबदारी तिच्यावर आली आहे. बहुतेक कॉलेजात शिकणारे, फ्लॅटमध्ये वाढलेले. गेल्या वर्षी एका मुलीने स्वयंसेविकेला सांगितलं की मामा रात्री जवळ येतो, तिला नको वाटतं. स्वयंसेविकेने तिच्यासाठी प्रार्थना केली आणि कुणाला सांगणार नाही असं वचन दिलं. पत्रलेखिकेला हे पुष्कळ उशिरा कळलं. दुसऱ्या एका मुलाची आई शिबिराच्या दारात येऊन म्हणाली, "माझ्या पोराला काय शिकवता ते मला कुणी विचारलं का?" खर्चाला हातभार लावणारे विचारतात की किती मुलांनी प्रभूला स्वीकारलं. मंडळीचे धर्मगुरू, पाळकसाहेब म्हणतात, प्रशिक्षण चार दिवसांचं पुरे, गाणी आणि गोष्ट चांगली बसवा. "मी स्वतः वस्तीत वाढलेली नाही," ती लिहिते. "मला हे शिकवायचा अधिकार आहे का? की नाही म्हणून मोकळी होऊ?"

उत्तर:

तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे येतेच. पण पत्राच्या मधोमध दोन ओळींत सांगून तुम्ही ज्या गोष्टीवरून पुढे गेलात, तिथे मला आधी थांबायचं आहे.

ती मुलगी आज कुठे आहे? तिच्या घरात अजून तो मामा आहे का? हे तुम्हाला माहीत नसेल, आणि ते शोधून काढणं तुमचं कामही नाही. तुमचं काम एवढंच की हे उत्तर वाचून झालं की १०९८ ला फोन करायचा. मुलांसाठीची ही हेल्पलाइन चोवीस तास चालते आणि फोनला पैसे पडत नाहीत. २०१२ च्या पोक्सो कायद्याने लहान मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची नुसती शंका आली तरी पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक केलं आहे. न कळवणं हा गुन्हा आहे, त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आणि चांगल्या हेतूने माहिती देणाऱ्यावर त्याबद्दल कारवाई होत नाही, हेही त्याच कायद्यात लिहिलेलं आहे. माहिती मिळाल्यावर पोलिसांना चोवीस तासांच्या आत बाल कल्याण समितीला कळवावं लागतं. म्हणजे पुढचं सगळं तुमच्या एकटीच्या खांद्यावर पडणार नाही.

इतके महिने उलटले, आता कसं सांगायचं, असं मनात येईल. तो विचार बाजूला ठेवा. मामाला जाब विचारायला जाऊ नका, वस्तीत चौकशी करत फिरू नका, मुलीला पुन्हा सगळं सांगायला लावू नका. स्वयंसेविकेला मात्र आजच बसवून, त्या मुलीचे शब्द जसेच्या तसे, आठवेल त्या तारखेसकट लिहून काढायला सांगा. पाळकसाहेबांना जरूर कळवा, पण त्यांच्या परवानगीसाठी थांबू नका.

त्या स्वयंसेविकेला बोल लावू नका. मूल रडलं तर त्याच्यासाठी प्रार्थना कर, एवढंच तिला कुणीतरी शिकवलं होतं आणि ते तिने मनापासून केलं. प्रार्थनेत काही गैर नव्हतं. गुपित ठेवायचं वचन द्यायला नको होतं, आणि हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणून तुमच्या प्रशिक्षणाचा पहिला दिवस याच गोष्टीला द्या. दोघादोघांच्या जोड्या करा. एकाने मूल व्हायचं, दुसऱ्याने ऐकायचं, आणि ऐकणाऱ्याने मोठ्याने म्हणायचं: "तू मला सांगितलंस हे बरं केलंस. यात तुझी काही चूक नाही. पण हे मी माझ्याजवळच ठेवू शकत नाही. तुला मदत करू शकेल अशा माणसाला मला सांगावंच लागेल." पाच-सहा वेळा म्हणायला लावा. पहिल्यांदा सगळे अडखळतात, काही जण हसतात. जीभ वळेपर्यंत थांबा. कठीण वेळी माणसाच्या तोंडून सवयीचंच वाक्य बाहेर पडतं. ते चांगलं असावं एवढीच तयारी आपल्या हातात असते.

त्याच दिवशी बाकीचे नियमही सांगून टाका. कुठलाही मोठा माणूस एकट्या मुलाबरोबर बंद खोलीत राहणार नाही. लहान मुलाला लघवीला न्यायचं तर दोघांनी जायचं. मुलांना वैयक्तिक मोबाइल नंबर द्यायचा नाही. आईबापांच्या परवानगीशिवाय फोटो काढायचा नाही, आणि वर्गणी देणाऱ्यांना पाठवायच्या अहवालात मुलाचा चेहरा घालायचा नाही. हे ऐकून स्वयंसेवकांपैकी कुणी दुखावलं, "आमच्यावर विश्वास नाही का" म्हणालं, तर शांतपणे सांगा की नियम सगळ्यांना सारखे आहेत, पाळकसाहेबांनाही.

आता त्या आईकडे येऊ. तुमच्या पत्रावरून वाटतं की तिचं बोलणं तुम्हाला लागलं. मला वाटतं, शिबिराच्या दहा दिवसांत तुम्हाला मिळालेला सगळ्यात उपयोगाचा शब्द तोच होता. ती भांडायला आली नव्हती. आपल्या मुलाच्या बाबतीत आपल्याला विचारलं जावं, एवढंच ती मागत होती. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या आईला आपण हे विचारल्याशिवाय राहिलो असतो का? सोसायटीच्या हॉलमध्ये शिबिर असतं तर छापील फॉर्म असता, त्यावर पालकांची सही असती, वेळापत्रक असतं, कुणाला मूल न्यायचं हे लिहिलेलं असतं. वस्तीत मात्र ढोलकी वाजली की मुलं येतात आणि आपण त्यांना आत घेतो. गरीब माणसाचं मूल विचारल्याशिवाय घेता येतं, असं आपण धरून चालतो. तुमच्या मनात असं नव्हतं हे मी जाणते. पण शिबिराच्या रचनेत ते होतं.

तुम्ही शब्बाथशाळा घेता, म्हणून मार्काच्या शुभवर्तमानातली याईराच्या मुलीची गोष्ट तुम्हाला पाठ असेल. पाचवा अध्याय पुन्हा काढून वाचा. प्रभू येशू त्या बारा वर्षांच्या मुलीजवळ जातो तेव्हा बाहेरच्या गर्दीला बाहेरच ठेवतो, पण तिच्या आईला आणि बापाला खोलीत सोबत नेतो. मुलगी उठते. मग तो काय सांगतो? तिला काहीतरी खायला द्या. लोकांत बोभाटा करू नका असंही बजावतो. मुलांमध्ये काम कसं करावं याचा याहून नेमका पाठ मला ठाऊक नाही. आईबाप आत, अन्न बिनशर्त, गाजावाजा नाही. स्वयंसेवकांना हीच गोष्ट द्या. ती मुलांना सांगण्याआधी त्यांनी स्वतःला सांगावी.

म्हणून माझा सल्ला असा की गाणी बसवायच्या आधी स्वयंसेवकांना जोडीजोडीने घरोघरी पाठवा. ही पाहणी नाही, त्यामुळे हातात वही-पेन नको. सोबत वस्तीतली कुणीतरी बाई असू द्या: अंगणवाडी सेविका, आशाताई, बचत गटाची अध्यक्ष किंवा तुमच्या मंडळीतली त्या वस्तीत राहणारी ताई. घरोघरी साधं सांगायचं: आम्ही अमक्या चर्चचे, मे महिन्यात मुलांसाठी शिबिर घेणार आहोत, त्यात खेळ असतील, गाणी असतील आणि बायबलमधल्या गोष्टी सांगू. तुमचं मूल आलं तर चालेल का? तुम्हालाही येऊन बसता येईल. नको वाटलं तर नको म्हणा, आमचा राग नाही. कुणी नाही म्हणालं तर "बरं, येतो" म्हणून पुढच्या घरी जायचं, समजूत घालत बसायचं नाही. ही गोष्ट गाण्याइतकीच सराव करून शिकवावी लागते.

या फेरीत स्वयंसेवकांना जे कळेल ते चार दिवसांच्या वर्गात कळणार नाही. नळाला पाणी किती वाजता येतं, आणि त्या वेळी मोठ्या मुली शिबिरात का येऊ शकत नाहीत. धुणीभांडी करणाऱ्या बायका सकाळी किती वाजता बाहेर पडतात आणि घराची किल्ली कुठल्या पोरीच्या गळ्यात असते. रिकामी खोली कुणाच्या घराला लागून आहे आणि तिथे रात्रपाळी करून कोण झोपलेलं असतं. १४ एप्रिलच्या तयारीत वस्ती किती दिवस गुंतलेली असते, आणि त्या दिवसांत ढोलकी घेऊन आपण मध्ये का जाऊ नये. शाळेचा निकाल साधारण महाराष्ट्र दिनाच्या आसपास लागतो आणि त्यानंतर कितीतरी घरं गावाला जातात. तुमचं शिबिर मेच्या मध्यावर असेल, तर वस्तीतली कोणती मुलं तेव्हा तिथे उरलेली असतात याचा विचार केला आहे का? बहुधा ज्यांना गावच उरलेलं नाही, किंवा ज्यांच्या आईला कामाच्या घरून सुट्टी मिळत नाही, ती.

मी पाहिलेल्या एका शिबिरात दारावर पाटी होती: वय ६ ते १४. नऊ-दहा वर्षांची एक मुलगी कडेवर भावाला घेऊन आली होती. भाऊ असेल वर्ष-दीड वर्षाचा. दारातल्या मुलाने नियम सांगितला, लहानाला आत घेता येणार नाही. ती काही न बोलता कठड्यावर बसली आणि बाहेरूनच टाळ्या वाजवत राहिली, भाऊ तिच्या ओढणीचं टोक चघळत होता. तो नियम करणाऱ्याच्या मनात वाईट काही नव्हतं. त्याला एवढंच माहीत नव्हतं की सुट्टीत बहुतेक मुली कडेवर कुणाला तरी घेऊनच येतात. एका कोपऱ्यात सतरंजी, चार डबे-चमचे वाजवायला आणि तान्ह्यांकडे बघायला एक मावशी, इतकं केलं तरी या मुली आत येतील. शिबिराची सर्वात जास्त गरज ज्यांना असते, त्या याच.

खाऊबद्दल तुम्ही थोडं ओशाळून लिहिलं आहे, की मुलं खाऊसाठीच येतात. येऊ द्या. शाळेतला दुपारचा आहार सुट्टीत बंद असतो. दुष्काळी भागात तो उन्हाळी सुट्टीतही द्यावा असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये दिला होता, म्हणजे सुट्टीतल्या भुकेची दखल देशाच्या न्यायालयालाही घ्यावी लागली. तेव्हा खाऊ नीट द्या: केळं, शेंगदाण्याची चिक्की, उकडलेलं अंडं, उसळ-पाव. फक्त तो कशाशीही बांधू नका. वचन पाठ म्हटलं तर जास्त, उशिरा आला तर कमी, प्रार्थनेला डोळे मिटले नाहीत तर नाही, असं होऊ देऊ नका. जमलं तर शेवटी न देता मध्येच द्या, म्हणजे ज्याला जायचं आहे त्याला पोटासाठी थांबावं लागणार नाही.

यातूनच आकड्यांचा प्रश्न सुटतो. "किती मुलांनी प्रभूला स्वीकारलं, हात वर करा" असं म्हटलं की आठ वर्षांचं मूल हात वर करतं. ताईला आवडतं म्हणून करतं, शेजारच्याने केला म्हणून करतं. त्या हातांची बेरीज करून पाठवण्यात सत्य किती, हे तुम्ही स्वतःला विचारा. आणि ज्या मुलाचे आईबाप दुसऱ्या श्रद्धेचे आहेत, त्याच्याकडून त्यांच्या गैरहजेरीत असा निर्णय मागणं मला योग्य वाटत नाही. आपल्या संविधानाच्या कलम २५ ने प्रत्येकाला आपल्या धर्माचं आचरण आणि प्रसार करायची मुभा दिली आहे. दुसऱ्याचं धर्मांतर घडवण्याचा हक्क मात्र त्यात येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये स्पष्ट केलं. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेतसुद्धा अल्पवयीन मुलाला पालकांच्या संमतीशिवाय धर्मशिक्षणात सामील करून घेता येत नाही, हे कलम २८ सांगतं. शाळेवर जे बंधन आहे ते शिबिराने आपणहून पाळावं. हे मी भीतीपोटी सांगत नाही. वस्तीत आपल्यामुळे कुणाच्या घरात भांडण लागलं, तर त्याचा मार त्या मुलाला आणि वस्तीतल्या ख्रिस्ती घरांना खावा लागतो. स्वयंसेवक तोवर बसने घरी पोचलेले असतात.

वर्गणीदारांना काय लिहायचं? किती घरी गेलो, किती पालकांनी होकार दिला, किती आया येऊन बसल्या, किती मुलं शेवटपर्यंत टिकली, वस्तीतल्या किती मुलींनी शिकवायला मदत केली. हे आकडे मोजता येतात आणि खरे असतात. एखाद्या दात्याला यावर समाधान नसेल, तर त्याच्या पैशाशिवाय पाच दिवसांचं शिबिर घ्या. दहा दिवसांचा अट्टहास कुणी केला आहे?

आता तुमच्या अधिकाराचा प्रश्न. वस्तीत वाढलेली नाही म्हणून शिकवायचा हक्क नाही, हे मला पटत नाही. पण वस्तीत वाढलेलं जवळजवळ कुणीच तुमच्या वीस जणांत नसावं, हे जास्त काळजीचं आहे. सुट्टीतल्या बायबल शाळांचा उगम गरीब वस्तीतलाच आहे. १८९८ मध्ये न्यूयॉर्कच्या ईस्ट साइडला, स्थलांतरितांच्या दाट वस्तीत, एलायझा हॉज यांनी उन्हाळ्यात रस्त्यावर भटकणाऱ्या मुलांसाठी अशी शाळा काढली आणि त्यासाठी दारूच्या गुत्त्याची जागा भाड्याने घेतली. १९०१ मध्ये रॉबर्ट बोव्हिल यांनी कॉलेजातले विद्यार्थी घेऊन अशा आणखी शाळा सुरू केल्या. तेव्हा बाहेरून आलेला विद्यार्थी स्वयंसेवक हा या कामात पहिल्यापासून आहे. त्याला हाकलायचं कारण नाही. पण आपल्याकडे याहून चांगला धडा पुण्यापासून जवळच आहे. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळातून आणलेल्या मुली आणि विधवा केवळ आश्रयाला राहिल्या नाहीत. त्या शिकल्या, शिकवू लागल्या, छापखाना चालवू लागल्या. रमाबाईंचं मराठी बायबल तिथल्याच छापखान्यात त्यांच्याच हातांनी छापलं गेलं. ज्यांच्यासाठी काम काढलं, त्यांनीच ते हातात घेतलं.

तुमच्या वस्तीत नववी-दहावीतल्या, कॉलेजच्या पहिल्या वर्षातल्या मुली असतील. गेल्या वर्षांत शिबिराला येऊन गेलेल्या असतील. त्यांतल्या पाच-सहा जणींना, घरच्यांना विचारून, प्रशिक्षणाला बोलवा. येण्याजाण्याचं भाडं आणि जेवण द्या, आणि त्यांना नुसतं चटया टाकायला लावू नका. त्यांच्या हाती एकेक गट द्या, सोबत तुमचा एक स्वयंसेवक. गोष्ट कुणी सांगायची? जिला त्या मुलांची बोली येते तिने. गाण्यांचंही तेच. इंग्रजी ॲक्शन साँग्ज मुलांना आवडतात, दोन ठेवा. पण ढोलकी आणि टाळ घेऊन ना. वा. टिळकांचं एखादं भजन सुरू केलं की दारातल्या आजीही ताल धरतात, हे तुम्ही करून पाहा.

उन्हाचं थोडक्यात सांगते. पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्यात अकरानंतर मुलं बसवू नका, सकाळी आठ ते साडेदहा पुरे. प्यायचं पाणी तुम्ही न्या, वस्तीतल्या हंड्यावर भार टाकू नका. प्रत्येक स्वयंसेवकाला जलसंजीवनी करता आली पाहिजे: उकळून गार केलेलं एक लिटर पाणी, चहाचे सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. मूल भोवळ येऊन पडलं तर सावलीत न्यायचं, कपडे सैल करायचे, ओल्या फडक्याने अंग पुसायचं, शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी घालायचं नाही, आणि १०८ ला फोन.

पाळकसाहेबांना हे सगळं कसं सांगाल? तक्रार म्हणून सांगू नका. ते म्हणतात ते चार दिवस त्यांच्याकडून घ्या, पण वाटणी तुमची असू द्या: एक दिवस मुलांच्या सुरक्षिततेला, दोन दिवस घरोघरी, एक दिवस गाणी-गोष्टींना. गाणी तरुण संघाची मुलं एरवीही बसवतातच. आणि शक्य असेल तर आणखी एक गोष्ट मागा. जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर आठवड्यातून एकदा दोन तास त्याच वस्तीत अभ्यासाला बसायला तिघे-चौघे तयार आहेत का, हे शिबिराआधीच ठरवा. कुणीच तयार नसेल तर शिबिराचे दिवस कमी करा आणि मुलांना पहिल्याच दिवशी सांगा की आपण अमुक तारखेपर्यंत भेटणार आहोत. दहा दिवस ज्या ताईच्या मांडीवर बसलो ती पुन्हा दिसलीच नाही, हे लहान मुलाला फार लागतं.

तेव्हा नाही म्हणू नका, अटी घालून हो म्हणा. दिवस किती, गाणी कुठली, टी-शर्ट छापायचे की नाही, यांत पाळकसाहेबांचं ऐका. तीन गोष्टींत मात्र माघार घेऊ नका: पालकांची संमती, मुलासोबत एकट्याने न राहण्याचा नियम, आणि मुलाने काही सांगितलं तर ते दडपायचं नाही. यांतली एक जरी अमान्य झाली तर यंदाची जबाबदारी घेऊ नका, आणि का घेत नाही ते मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंच कमिटीला लेखी कळवा.